डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाची घरची काळजी : सोलापूरच्या कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघातात किंवा उंचावरून पडून मेंदूला गंभीर इजा झालेला माणूस आयसीयूतून बाहेर येतो, तेव्हा डॉक्टरांचं मोठं काम झालेलं असतं आणि घरच्यांचं सुरू होतं. या पानावर औषधांचे डोस नाहीत. ते तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतील तेच खरे. बाकी रोजच्या कामाचं जे आहे, ते इथे आहे. घाई असेल तर आधी ‘फिट’ आणि ‘अचानक मागे गेला’ हे दोन प्रश्न वाचा.

डॉक्टर म्हणाले, “जीसीएस ७ आहे.” याचा अर्थ काय?

ही शुद्धीची मोजपट्टी आहे. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण देता येत नाहीत, त्या जागी ‘टी’ लिहितात. एकूण आकड्यापेक्षा हालचालीचा आकडा वेगळा विचारा. तो ६ झाला म्हणजे पेशंट सांगितलेलं ऐकून करतो आहे, आणि ही खरी पुढची पायरी. पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून सहा महिन्यांनंतरचं चित्र कोणी ठामपणे सांगत असेल, तर ते मनावर फार घेऊ नका. वय, बुबुळांची प्रतिक्रिया, सीटी स्कॅन हे सगळं मिळून अंदाज बांधला जातो.

डोळे उघडले, पण आमच्याकडे बघत नाही. शुद्धीवर आला म्हणायचं का?

नाही. सिनेमात माणूस डोळे उघडतो आणि आईचं नाव घेतो. प्रत्यक्षात आधी झोप-जाग यांचं चक्र परत येतं, डोळे उघडे राहतात, पण समज नसते. मग कधी कधी, क्षणभर प्रतिसाद मिळतो. मग तो जागा पण गोंधळलेला असतो. एकेका पायरीला आठवडे लागू शकतात, आणि कोणी मधल्याच पायरीवर खूप काळ राहतं.

समज आल्याची पहिली खूण बहुतेक वेळा नजरेत दिसते. हातभर अंतरावर आरसा धरा, त्याला स्वतःचा चेहरा दिसू द्या आणि आरसा हळू उजवीकडे-डावीकडे न्या. नजर मागे येते का, ते पाहा. दुसरी खूण सूचना ऐकण्याची. “अंगठा वर कर” एवढंच म्हणा आणि १० ते १५ सेकंद गप्प थांबा. इथेच बहुतेकांची चूक होते : तीन सेकंदांत तेच पुन्हा सांगतात, आणि मेंदू पहिल्या सूचनेवर काम करत असतानाच दुसरी येऊन आदळते. हातात बोट दिल्यावर मूठ आवळली जाणं यात धरू नका, ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. “सोड” म्हटल्यावर सोडलं तर मात्र ते महत्त्वाचं.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय सांगितलं, काय केलं. शक्य असेल तेव्हा अर्ध्या मिनिटाचा मोबाईल व्हिडिओ घ्या. राउंडच्या पाच मिनिटांत पेशंट झोपलेला असतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही, अशा वेळी हाच पुरावा कामी येतो.

एकूण किती दिवस लागतील?

पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. नंतर वेग कमी होतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही थोडी थोडी चालू राहू शकते. ‘सहा महिन्यांनंतर काही होत नाही’ हे चूक, आणि ‘वर्षात पहिल्यासारखा होईल’ हे आश्वासनही कोणी देऊ नये. इजेनंतर ४ ते १६ आठवड्यांत अजून नीट भान न आलेल्या काही पेशंटना अमँटाडिन नावाचं औषध दिलं तर सुधारणेचा वेग वाढतो, असं संशोधनात दिसलं आहे. ते सगळ्यांना चालत नाही. न्यूरोसर्जनना विचारा, मेडिकलवाल्याला नको.

पाहुणे येतात आणि प्रत्येक जण विचारतो, “मला ओळखलंस का?” यात काही वाईट आहे का?

आहे. गोंधळलेल्या अवस्थेत मेंदू नवी आठवण साठवतच नाही. सकाळी काय झालं ते दुपारी नसतं. अशा माणसाची दिवसातून वीस वेळा परीक्षा घेतली, तर तो वीस वेळा नापास होतो. मग चिडतो, नाहीतर काहीतरी ठोकून देतो. ते खोटं बोलणं नव्हे, रिकामी जागा मेंदू स्वतःच भरतो. त्यावर वाद घालू नका.

विचारायचं नाही, सांगायचं. “बाबा, मी सुनीता, तुमची धाकटी. आज मंगळवार आहे. तुम्हाला गाडीचा अपघात झाला होता, आता तुम्ही आपल्या घरी आहात.” खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाने हेच करायचं. पलंगासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका आणि घड्याळ लावा. पांढऱ्या फळ्यावर त्या दिवसाच्या तीन-चार गोष्टी लिहा. कोणतीही नवी गोष्ट शिकवताना चुकू देऊन दुरुस्त करण्यापेक्षा आधीच योग्य उत्तर हातात द्या. आठवण कमजोर असलेल्या मेंदूत चूकच पक्की बसते.

पाहुण्यांचं म्हणाल, तर आपल्याकडे आजारी माणसाला बघायला अख्खी गल्ली येते आणि “नको” म्हणणं जड जातं. दारावर कागद लावा : ‘एका वेळी दोघं, १० मिनिटं, डॉक्टरांची सूचना.’ डॉक्टरांच्या नावावर खपतं. खोलीत एका वेळी एकच आवाज असू द्या. टीव्ही, मोबाईल आणि गप्पा एकत्र नकोत. जागं करायचं म्हणून दिवसभर गाणी लावून ठेवल्याने काही होत नाही. आवडतं गाणं १० ते १५ मिनिटं लावा आणि मग शांतता ठेवा. गणपतीत डीजे दारावरून जाणार असेल, किंवा गड्ड्याच्या शोभेच्या दारूकामाचा आवाज होम मैदानावरून घरापर्यंत येत असेल, तर त्या रात्री पेशंटला आतल्या खोलीत हलवा.

डिस्चार्जच्या आधी काय शिकून घ्यावं?

सक्शन (गळ्यातल्या नळीतला कफ मशीनने ओढून काढणं), नळीतून जेवण, कूस बदलणं, पलंगावरून खुर्चीत घेणं आणि डायपर किंवा लघवीच्या नळीची काळजी. यातलं प्रत्येक काम सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा करा. नुसतं बघून येत नाही. घरातल्या किमान दोघांना हे यायला हवं, कारण एक जण आजारी पडणारच.

पलंग दोन हँडलचा भाड्याने घ्या, म्हणजे डोकं आणि पाय वेगवेगळे उचलता येतात. तो भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. सक्शनसाठी आणि नळीच्या जेवणासाठी लागणारं उकळलेलं पाणी झाकणाच्या वेगळ्या भांड्यात ठेवा, बॅरलमधलं थेट वापरू नका. डिस्चार्ज कार्ड, सगळे स्कॅन आणि पोलिस केस असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर एकाच फाईलमध्ये ठेवा.

गळ्यातल्या नळीची घरी काळजी कशी घ्यायची? आणि लाईट गेली तर?

सक्शन घड्याळ बघून नाही, गरज बघून करायचं : घरघर ऐकू आली, कफ दिसला, श्वास जड झाला की. हात धुवा, ग्लोव्हज घाला, निर्जंतुक कॅथेटर घ्या. कॅथेटरची जाडी आतल्या नळीच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. मशीनचा दाब साधारण १०० ते १२० एमएमएचजीच्या (mmHg) आसपास. आत घालताना सक्शन बंद ठेवा, बाहेर काढताना अंगठा ठेवून चालू करा, आणि हे १० ते १५ सेकंदांत संपवा. पुन्हा करण्याआधी अर्धा-एक मिनिट श्वास घेऊ द्या. कफात रक्ताच्या रेषा दिसू लागल्या तर बहुधा सक्शन फार वेळा किंवा फार खोल होतं आहे.

आपल्याकडची कोरडी हवा इथे मोठी अडचण करते. मार्च-एप्रिलमध्ये कफ सुकून नळीत खपली धरते. नळीच्या तोंडावर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेलं दुहेरी गॉज ठेवा आणि ते सुकू देऊ नका. आतली नळी सुटी निघणारी असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोन-तीन वेळा धुवा. गळ्याच्या दोरीखाली एक बोट जाईल एवढीच ढील ठेवा.

पलंगाशेजारी कायम हव्यात अशा वस्तू : त्याच मापाची एक नळी, एक माप लहान नळी, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा), टॉर्च. लाईटसाठी इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका, पायाने चालवायचं सक्शन मशीन मिळतं, ते घेऊन ठेवा. श्वास अडकला तर पहिली गोष्ट आतली नळी काढणं, दुसरी सक्शन. तरी सुटलं नाही तर १०८ लावा आणि अंबू बॅगने श्वास देत राहा.

नाकातल्या नळीतून जेवण किती आणि कसं?

बहुतेक मोठ्या माणसांना दर वेळी २०० ते २५० मिली, दिवसातून ६ ते ८ वेळा. नेमका हिशोब आहारतज्ज्ञांकडून घ्या. बरा होणाऱ्या शरीराला प्रथिनं जास्त लागतात, आणि नुसत्या डाळीच्या पाण्यावर पेशंट महिन्यात वाळतो.

डोकं ३० ते ४५ अंश वर. जेवणानंतर अर्धा ते एक तास तसंच. नाकापाशी नळीवर जी खूण केलेली असते ती जागेवर आहे का ते प्रत्येक वेळी पाहा. सरकली असेल, किंवा पेशंट सारखा खोकत असेल, तर काहीही घालू नका. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, नळीला लावा, वीतभर वर धरा आणि आपोआप उतरू द्या, १५ ते २० मिनिटांत. दट्ट्याने ढकललं की उलटी, आणि उलटी फुप्फुसात गेली की न्यूमोनिया. घरी आलेल्या पेशंटना पुन्हा ॲडमिट करावं लागतं त्यामागे हे कारण वारंवार सापडतं.

आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नाचणी किंवा ज्वारीची पातळ पेज, दूध, शिजवून वाटलेली डाळ, अंडं : सगळं मलमलच्या फडक्यातून गाळलेलं. ज्वारीचा कोंडा नळी हमखास तुंबवतो. तुंबली तर कोमट पाणी हळू आत-बाहेर करा, जोर लावू नका, आणि नळीत तार तर अजिबात घालू नका. उन्हाळ्यात तयार केलेलं जेवण दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका.

गोळ्या एकेक वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून द्या. ‘सीआर’, ‘एसआर’, ‘एक्सआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटायची नाही, डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्या. फिटचं फेनिटॉइन नळीतून देत असाल तर जेवणासोबत देऊ नका. जेवणामुळे ते शरीरात कमी शोषलं जातं. आधी-नंतर किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. नळी निघाली तर घरी परत घालू नका. चार आठवड्यांहून जास्त काळ नळी लागणार असेल, तर पोटावरच्या नळीबद्दल विचारा.

तोंडाने जेवण कधी सुरू करायचं? थोडीशी भाकरी चालेल का?

स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी केल्याशिवाय काहीच नाही, तीर्थ आणि प्रसादही नाही. काही पेशंटचं अन्न श्वासनलिकेत जातं तरी त्यांना खोकला येत नाही, त्यामुळे ‘ठसका लागला नाही म्हणजे ठीक’ हे गणित चालत नाही. गिळल्यावर आवाज ओला, घोगरा होणं किंवा संध्याकाळी बारीक ताप येणं, या खुणांवर लक्ष ठेवा.

परवानगी मिळाल्यावर सुरुवात दाटसर, एकजीव पदार्थांनी. पाणी सगळ्यात कठीण, कारण ते वेगाने सरकतं. आपल्या ताटातले घातक पदार्थ नावाने सांगायचे तर कडक भाकरी, शेंगाची कोरडी चटणी, चुरमुरे आणि चिवडा. आमटीत कुस्करलेली भाकरी मऊ दिसते, पण त्यात पातळ आणि घट्ट दोन्ही असतात. पातळ पुढे पळतं, तुकडे मागे राहतात. द्यायचीच असेल तर पूर्ण भिजवून, मिक्सरमधून काढून. पेशंट सरळ बसलेला, चमचा लहान, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवण झालं की लुळ्या बाजूच्या गालात बोटाने नाही, टॉर्चने बघा. अन्न तिथे साठून राहतं.

एअर बेड आहे. तरी दर दोन तासांनी कूस बदलायची?

हो, रात्रीही. एअर बेड मदत करतो, काम करत नाही. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलता ठेवा. टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती पांढरी झाली नाही, तर बेडसोरची सुरुवात आहे. त्या जागेवर वजन देणं बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. स्पिरिट चोळणं, पावडर थापणं, गोल रिंग खाली ठेवणं या तिन्हींनी नुकसानच होतं. सोलापुरी चादर अंगावर ठीक आहे, अंगाखाली नको. जाड विणीचे वळ उमटतात. खाली पातळ सुती चादर, सुरकुती न ठेवता.

एप्रिल-मे कसा काढायचा?

पारा चाळिशीच्या वर जातो आणि ज्याला तहान सांगता येत नाही त्याचं शरीर कोरडं पडतं. पाणी किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण मेंदूच्या इजेत रक्तातलं सोडियम बिघडू शकतं आणि पाणी जास्त झालं तरी ते घसरतं. लघवी गडद पिवळी झाली, पेशंट जास्त सुस्त वाटला, तर सोडियम तपासा. अंगाखाली प्लॅस्टिक नको. आणि ताप आला की ‘उन्हाचा असेल’ म्हणून सोडून देऊ नका. छाती, लघवी आणि जखम या तीन जागा आधी तपासून घ्या.

हात-पाय आखडत चालले आहेत. जोर लावून सरळ करायचे का?

जोर नको. रोज दोन वेळा प्रत्येक सांधा हळू, त्याच्या मर्यादेपर्यंत, ८-१० वेळा हलवा. घोट्याकडे विशेष लक्ष द्या, पाऊल खाली लोंबतं राहिलं तर पुढे उभं करणं अवघड होतं. उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधून उचला. आखडणं एकाएकी वाढलं तर दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, रुतलेलं नख शोधा. आखडणं कमी करणारं बॅक्लोफेन चालू असेल तर एका दिवसात बंद करू नका, ते धोक्याचं आहे. खुबा किंवा गुडघा सुजून गरम आणि घट्ट झाला तर व्यायाम थांबवून दाखवा. सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं. एकाच पोटरीला सूज आली तर रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना.

फिट आली तर काय करायचं?

घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी आली, किंवा ओठ निळे पडले तर १०८.

औषध संपण्याआधी चार दिवस नवीन आणा. ‘सहा महिन्यांत फिट नाही, म्हणजे गोळी नको’ हा निर्णय घरात घ्यायचा नसतो. इजेनंतर महिन्यांनी, वर्षांनीही पहिली फिट येऊ शकते.

कवटीचं हाड काढलं आहे. डोक्याची ती बाजू मऊ लागते.

सूज उतरायला जागा मिळावी म्हणून हाड काढतात. ते पोटाच्या त्वचेखाली ठेवलेलं असतं किंवा वेगळं साठवलेलं असतं. कुठे आहे ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. त्या बाजूवर झोपवायचं नाही, तिथे तेल-मालिश नाही, बसवताना-चालवताना हेल्मेट. हाड परत बसवायचं ऑपरेशन साधारण काही महिन्यांनी होतं. ती जागा खोल बसत गेली आणि उभं केल्यावर पेशंट मंदावत असेल तर तारीख लवकर घेण्याबद्दल बोला. हाड बसवल्यावर काही जण सुधारतात. उलट ती जागा फुगून टणक झाली तर त्याच दिवशी न्यूरोसर्जन.

चांगला होत होता, गेल्या आठवड्यात अचानक मागे गेला. का?

झालेली सुधारणा सहसा स्वतःहून मागे फिरत नाही. घसरण दिसली तर कारण शोधायचं. संसर्ग, सोडियम, बारीक न दिसणारी फिट, झोपेचं किंवा शांत करण्याचं नवं औषध, बद्धकोष्ठता. आणि मेंदूत पाणी साचणं : चाल बिघडते, लघवीवरचं नियंत्रण जातं, सुस्ती वाढते, उलट्या होतात. याला सीटी स्कॅन लागतो आणि नळी बसवून उपाय होतो. ‘मनाने खचला आहे’ असं ठरवण्याआधी एवढं तपासून घ्या. जागाच होत नसेल, एक बुबुळ मोठं झालं किंवा डोकेदुखीसह उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट बघू नका.

पूर्वी शांत होता, आता शिव्या देतो, हात उगारतो.

कपाळामागचा भाग माणसाचा ब्रेक असतो, तिथे मार लागलेला असतो. समजावून सांगणं त्या क्षणी पोचत नाही. आवाज खाली आणा, विषय बदला, गरज पडली तर खोलीतून पाच मिनिटं बाहेर जा. कुठल्या वेळी, कशानंतर भडकतो ते वहीत लिहा. बहुधा थकवा, भूक, गर्दी किंवा दुखणं सापडतं. व्यायाम आणि आंघोळ वीस-वीस मिनिटांत, मध्ये विश्रांती. बांधून ठेवू नका.

याची उलट बाजूही असते : तासन्‌तास बसून राहतो, सांगितल्याशिवाय काही करत नाही. त्याला आळशी म्हणणारे नातेवाईक भेटतील. सुरुवात करण्याची यंत्रणाच मंदावलेली असते. “आंघोळ कर” न म्हणता टॉवेल हातात द्या आणि म्हणा, “ऊठ.”

घरी आम्ही तेलुगू बोलतो, थेरपिस्ट मराठी. चालेल का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न येतो, कन्नड आणि उर्दू घरांतही. वाचा गेलेल्या माणसाच्या सगळ्या भाषा सारख्याच परत येतील असं नाही. घरची भाषा सोडू नका. थेरपिस्टकडून व्यायाम समजून घ्या आणि शब्द तुमच्या भाषेतले, त्याच्या रोजच्या वापरातले घ्या. हो-नाहीसाठी आधी एकच खूण पक्की करा, सगळ्यांनी तीच वापरायची.

नाकात तूप, काढा, स्टेम सेल?

गिळता न येणाऱ्याच्या नाकातोंडात तूप, तेल, काढा घालू नका, ते फुप्फुसात जातं. हातापायांना हलकी मालिश चालेल. मेंदूच्या इजेवर स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. त्यावर जाणारे लाखभर रुपये वर्षभराच्या फिजिओथेरपीला पुरतील.

पैशांची आणि कागदांची सोय कुठून?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे ॲडमिट होतानाच नोंद करा, हेल्पलाईन १५५३८८. रस्ता अपघात असेल तर २०२५ च्या केंद्रीय योजनेत पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची तरतूद आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ६ महिन्यांच्या आत दाखल करा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही, तरी गंभीर जखमीला ५०,००० रुपयांची भरपाई मिळते. डायपर, मावशींचा पगार, रिक्षा, सगळ्या पावत्या जपा, दाव्यात त्या लागतात. दिव्यांग व्यक्तींना आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक १५१००.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र साधारण ६ महिन्यांनंतर, अवस्था थोडी स्थिरावल्यावर. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, आणि तपासणीचा वार आधी विचारून मगच पेशंटला रिक्षात घाला. फक्त हातापायांचं नाही, वाचा आणि स्मरणाचंही मूल्यमापन मागा, नाहीतर टक्केवारी कमी भरते. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

पेशंटचा अंगठा घेऊन बँकेचे कागद किंवा मुखत्यारपत्र करू नका. समज नसताना केलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही. पालकत्वासाठी कोर्टाचा रस्ता आहे, वर दिलेल्या मोफत वकिलालाच विचारा. पेशंट फिरू लागला की त्याच्या मोबाईलमधलं यूपीआय बंद करा, फसवणाऱ्यांना असे लोक लगेच सापडतात.

रात्रंदिवस एकटी सूनच करते.

तिची पाठ जाईल, मग झोप, मग संयम. कूस बदलायच्या रात्रीच्या वेळा दोघांत वाटा : एक जण २ वाजेपर्यंत, दुसरा त्यानंतर. उचलायला नेहमी दोघं, अंगाखाली आडवी दुहेरी चादर घालून. ब्युरोतून बाई किंवा मामा ठेवलेत तर पहिला आठवडा घरचं माणूस सोबत असावं. ‘मला काही वाटेनासं झालंय’ असं ती म्हणाली तर टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

पुणे, मुंबई, बंगळुरूला न्यावं का?

रोजच्या फिजिओथेरपीसाठी नको, ती इथेच व्हायला हवी आणि रोज व्हायला हवी. एकदा नीट मूल्यमापन करून घरचा कार्यक्रम आखून घ्यायचा असेल तर उपयोग आहे. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, मेंदूच्या आजारांसाठी बंगळुरूला निम्हान्स. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरून थेट बंगळुरूला जाते. जाताना वही, व्हिडिओ आणि स्कॅन न्या, आणि परत येताना ‘रोज काय, किती वेळा’ हे कागदावर लिहून घ्या.

कामावर आणि गाडीवर कधी?

दुचाकी डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत नाही. फिट येऊन गेली असेल तर आणखी उशिरा. दारू कायमची बंद, तिने फिटचा धोका वाढतो. यंत्रमागावर परतणं सगळ्यात शेवटी : फिट, मंद झालेली प्रतिक्रिया आणि धावता धोटा एकत्र येता कामा नयेत. त्याआधी कारखान्यात मोजणी, घड्या घालणं, पॅकिंग असं बसून करायचं काम मिळतं का, ते मालकाशी बोला. पहिले काही आठवडे दोन तास, तेही सकाळचे. दुपारी घरी आल्यावर तीन-चार तास झोपून राहत असेल किंवा संध्याकाळी चिडचिड वाढत असेल, तर दोन तासही जास्त होत आहेत, एक करा.